प्रबंधांना कपाटाबाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दीक्षान्त समारंभाच्या बातम्यांत मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सुवर्णपदके झळकतात. त्यांनी नेमके काय शोधले, याची मात्र एक ओळही वाचायला मिळत नाही. माझी पुतणी या विषयात एम.ए. करत असताना सांगलीत घरोघरी जाऊन प्रश्नावल्या भरून घेत होती. परदेशात तयार झालेली चाचणी मराठीत आणायची, तर नुसत्या भाषांतराने भागत नाही. मराठी मसुदा दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा इंग्रजीत करवून मूळ अर्थ टिकला का ते पाहावे लागते आणि मग इथल्याच माणसांवर तिची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तरी निकाल तसाच येतो का) व सप्रमाणता (जे मोजायचे तेच ती मोजते का) तपासावी लागते. नैराश्याबद्दल विचारले की आपल्याकडच्या वयस्कर बायका ‘छातीत धडधडतं, अन्न गोड लागत नाही’ असे सांगतात. हे उत्तर कोणत्या रकान्यात बसवायचे, यावर तिने महिनाभर डोके खपवले. (माझ्या मते खरे संशोधन तेच, कौतुक झाले ते आकडेवारीच्या तक्त्यांचे.)

२०१९ च्या महापुरात कृष्णाकाठाने जे सोसले, त्याचा मनावरचा परिणाम समजून घ्यायला अशीच कामे उपयोगी पडतील. पीएच.डी.चे अनेक प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात निदान सापडतात, एम.ए.चे प्रकल्प बहुधा कपाटातच राहतात. शिवाजी विद्यापीठाने त्यांचे मराठी सारांश संकेतस्थळावर द्यावेत आणि आपण त्यांतील निवडक सारांश पुरवणीत छापावेत, ही विनंती. त्याखाली ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मदत क्रमांकही द्यावा.

– एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली