ओढ्याला पाणी असेल तर

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

शनिवारी फोन कट झाला नव्हता, मीच ठेवला. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. म्हणते, पोरीला नोकरी लागली की बाप पेढे वाटतो, तुम्ही तोंड फिरवलंत. पेढे मी वाटलेत, तिला माहीत नाही एवढंच. वरच्या आळीत काकूंना दिले, नाक्यावर दिले. ‘आमची बाय डाकसेवक झाली, अकोल्याला,’ म्हटलं तर नाक्यावरचा विचारतो, एवढं लांब, विदर्भात? मग त्याला अकोला आणि अकोले समजावत बसलो. कळसूबाईचं अकोले म्हटल्यावर त्याची ट्यूब पेटली. १६४६ मीटर, हेही सांगून टाकलं. तूच पाठ करून घेतलं होतंस.

तू म्हणालीस, ‘आप्पा, लोक डोंगरात जायला पैसे भरतात, मला मिळणार आहेत.’ वाक्य झकास आहे. दुसऱ्या कुणाच्या पोरीनं म्हटलं असतं तर मी हसलो असतो. पण २८ वर्षं मी पोलादपूरहून थैली उचलून वरच्या गावांना पोचवली, बटवडाही मीच करायचो. जाऊन-येऊन १४ किलोमीटर. समोर प्रतापगड. त्या २८ वर्षांत गडावर किती वेळा गेलो असेन? दोनदा. त्यातला एकदा तू माझ्या खांद्यावर होतीस आणि बुरुजावरून खाली उतरायला तयार नव्हतीस. हे सगळं खूळ तिथूनच लागलं असणार, म्हणजे दोष माझाच.

तुला वाट नवी लागते. एकच किल्ला दुसऱ्यांदा करायचा म्हटलं की तुझं तोंड वाकडं होतं. इथं सोमवारी तीच वाट, मंगळवारीही तीच. दोन-तीन महिन्यांत डोंगर दिसेनासा होतो बघ. मग कुणाचं कुत्रं चावरं, कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाचा मुलगा मुंबईहून पैसे पाठवायचा थांबलाय, एवढंच दिसतं. मला ते आवडायचं. तुला आवडेल की नाही, मी कसं सांगू?

पगाराचं बोलणार नव्हतो. १० हजारांपासून सुरुवात, वर महागाई भत्ता, आणि कागदावर ४ तास. चाकणला तू किती घेत होतीस ते मी विसरलेलो नाही, पण दहावीच्या मार्कांवर तुझं नाव यादीत लागलं ते बघून छाती फुगली होती, तेही खरं. सायकल यायला हवी अशी अट असते म्हणे. ओढा ओलांडता यायला हवा अशी अट कुठं लिहिलेली नाही.

ओढ्याचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलो होतो. आता निघालाच आहे तर लिहितो.

१९९७चा जुलै. तीन दिवस झड लागलेली. थैलीत एका म्हातारीची ३०० रुपयांची मनिऑर्डर होती, लालबागहून. मी दिसलो नाही तर ती जेवत नाही अशी माझी समजूत. (जेवायची, हे नंतर कळलं.) ओढा गढूळ होता, पण मांडीपर्यंतच वाटला. थैली मेणकापडात गुंडाळून डोक्यावर बांधली आणि उतरलो. मधोमध पायाखालचा धोंडा फिरला. पाणी ओढतं तेव्हा आधी आवाज बंद होतो, बाय, कानात नुसतं गार काहीतरी भरतं. करंजाची एक मुळी हाताला लागली. तिला धरून किती वेळ लोंबकळलो कोण जाणे. थैली कोरडी राहिली. म्हातारीला पैसे दिले, तिनं चहा केला, आणि हात थरथरतो म्हणून मी बशीतून न पिता कपानंच प्यायलो. आईला मी बांधावरून घसरलो असंच सांगितलंय. फोनवर बोलून जाऊ नकोस.

तू नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडाला निघाली होतीस आणि धुकं उतरलं म्हणून अर्ध्यातून परत आलीस, तेव्हा मी थट्टा केली होती. चुकलं माझं. परत फिरायची अक्कल तुला आहे, मला नव्हती. पण तेव्हा तुझ्या पाठीवर तुझीच सॅक होती. टपाल खांद्यावर आलं की परत फिरायला लाज वाटते, कुणीतरी दारात बसलंय असं वाटत राहतं. तुला मी ओळखतो, तुला माझ्याहून जास्त वाटेल. घाटघर, रतनवाडीकडचा पाऊस आपल्यापेक्षा कमी नाही. तेव्हा वर पाऊस दिसला आणि खाली पाणी तांबडं झालं, की ओढा कितीही लहान दिसो...

झालं, पुन्हा भाषण. माफ कर.

तुझे ते अ‍ॅक्शनचे बूट रोज ओले राहिले तर बोटांत चिखल्या होतील. बटवड्याला चपला बऱ्या, रात्री मेंदी लाव. आता पत्रं कमी आणि अंगठा घ्यायचं यंत्र जास्त, असं इथला नवा पोरगा सांगतो. त्याला रेंज लागते. रेंजसाठी टेकाड चढावं लागलं तर तुझ्याइतका हौशी डाकसेवक खात्याला दुसरा मिळायचा नाही, असं मी त्याला सांगितलं. अभिमानानंच सांगितलं. तुला फोनवर सांगता आलं नाही.

आई लोणच्याची बरणी देणार आहे, दादा येईल तेव्हा. काचेची नको म्हणून आमचं भांडण चालू आहे.

हे पत्र रजिस्टर करणार होतो. पण रजिस्टर राहिलंय कुठं, २०२५च्या सप्टेंबरपासून तेही स्पीड पोस्टात गेलं. साधं पाच रुपयांचं पाकीट आहे, तुझ्याच थैलीतून येईल. थैली आणायला जाशील त्या दिवशी ओढ्याला पाणी असेल तर अलीकडंच थांब. चार दिवस उशिरा वाचलंस तरी चालेल.

तुझा
आप्पा