सिसिलीचा रॉजर राहिला

रविवार पुरवणीतला ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धांवरचा (क्रुसेड्स) लेख वाचला. त्याच काळातल्या, इटलीजवळच्या सिसिली बेटाचा राजा दुसरा रॉजर याचा त्यात साधा उल्लेखही नाही, हे खटकले. ११३० मध्ये पालेर्मोत राज्याभिषेक झालेल्या या नॉर्मन (मूळच्या उत्तर फ्रान्समधल्या) वंशाच्या राजाचा कारभार लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत चाले. आरमारप्रमुख ग्रीक ख्रिस्ती जॉर्ज, तर भूगोलकार मुस्लिम विद्वान अल-इद्रिसी. त्याच्याकडून रॉजरने चांदीच्या तबकडीवर जगाचा नकाशा करवून घेतला.

रॉजर काही संत नव्हे. दक्षिण इटलीतली बंडे त्याने निर्दयपणे चिरडली. ११४८ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे महदिया शहरही घेतले. पण त्याच्या राजवाड्यातल्या प्रार्थनागृहात बायझंटाइन मोझाइकच्या वर अरबी धाटणीचे रंगीत लाकडी छत आहे. पुढच्या लेखात निदान त्या छताचा फोटो तरी छापावा.

– एक वाचक, सातारा