कासव झोपलंय म्हणून थांबू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संक्रांत उलटून पहाटेची थंडी ओसरू लागली, की कोथरूडच्या माझ्या दवाखान्यात कासवं यायला लागतात. ‘डॉक्टर, डिसेंबरपासून काही खात नाही. पण थंडीत झोपतात ना ही, म्हणून आम्ही हात लावला नाही,’ हे मी दर वर्षी ऐकते. तोवर बहुतेकदा आजार अंगात मुरलेला असतो. आपल्या पुरवणीत कुत्र्या-मांजरांबद्दल बरंच येतं, कासवांबद्दल काहीच येत नाही, म्हणून हे पत्र.

कासवं थंडीत झोपतात, हे खरं आहे. पण कुठली आणि कुठे? अमेरिकेतलं बॉक्स टर्टल पालापाचोळ्याखाली मातीत स्वतःला पुरून घेतं. तिथली माती महिनोन्‌महिने एकसारखी गार राहते. शरीराचं काम जवळजवळ थांबतं आणि साठवलेली चरबी पुरून उरते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास असतो आणि दुपारी तिशीला टेकतो. कासव रात्री गारठतं, दुपारी अर्धवट जागं होतं. शरीर चालू, पोट रिकामं आणि रोगाशी लढायची ताकद मंदावलेली. तिकडचे व्हिडिओ पाहून बॉक्स टर्टलला वाळक्या पानांच्या खोक्यात घालणारे किंवा लाल कानाच्या स्लायडरला (डोळ्यामागे लाल पट्टा असलेल्या पाण्यातल्या परदेशी कासवाला) तसंच गार पाण्यात ठेवणारे लोक त्याला झोपवत नाहीत, उपाशी मारतात. मला हे स्पष्टच लिहायचं आहे.

गेल्या फेब्रुवारीत सहकारनगरहून एक कुटुंब स्लायडर घेऊन आलं. ‘खात नाही, पण गाल बघा कसे भरलेत, बाळसं धरलंय,’ असं घरातल्या आजी कौतुकाने म्हणाल्या. डोळ्याच्या मागे, जिथे कानाचा पडदा सपाट दिसायला हवा, तिथे दोन्ही बाजूंना टणक फुगवटे होते. ते गळू होतं. कासवाचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. सुईने ओढता येत नाही, नुसत्या औषधाने विरतही नाही. भूल देऊन, चिरून काढावा लागतो. त्या पिल्लाला वर्षभर फक्त वाळलेली कोळंबी मिळत होती. अ जीवनसत्त्व कमी पडलं की डोळे सुजून चिकटतात, कानात गळू होतं. पण म्हणून घरी अंदाजाने जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊ नका. ते जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते.

थंडी सरताच कासवाला उजेडात हातात घेऊन नीट बघा. डोळे उघडे आणि स्वच्छ हवेत. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान ताणून घरघर, हे फुप्फुसाचं दुखणं समजा. स्लायडर पाण्यात एका बाजूला कलून तरंगत असेल तरी तेच. तोंडात पिवळट चिकटा, कवचाला मऊ जागा किंवा कुजका वास असेल तर थांबू नका. मागचा पाय हलकेच ओढा. धडधाकट कासव झटक्यात आत घेतं. बॉक्स टर्टलच्या पोटाकडच्या कवचाला बिजागरीसारखा सांधा असतो. डिवचल्यावरही ते घट्ट मिटत नसेल, तर त्याच्यात त्राण नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि हे दिवाळीपासूनच सुरू करा, नाहीतर फेब्रुवारीतल्या आकड्याची तुलना कशाशी करणार?

गारठलेल्या कासवाच्या तोंडात अन्न कोंबू नका, ते पोटात कुजतं. आधी ऊब द्या. हनुवटीपर्यंतच्या कोमट पाण्यात अर्धा तास बसू द्या, म्हणजे ते पाणीही पितं. मग दिव्याखाली किंवा सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा, बाजूला सावली हवीच. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन पुरत नाही, हाडांना आणि कवचाला लागणारे किरण काच अडवते. वरची लक्षणं नसतील, तर ऊब मिळाल्यावर आठवडाभर वाट पाहायला हरकत नाही. त्यानंतरही खात नसेल, तर डॉक्टर गाठा. कुत्र्याच्या गोचिडांवरचं आयव्हरमेक्टिन कासवाला कधीही देऊ नका. त्याने कासवं दगावतात.

घरात चांदणी कासव किंवा ओढ्यातून आणलेलं देशी कासव असेल, तर ते पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण त्या भीतीने आजारी जीव घरात लपवून ठेवू नका. १९२६ या क्रमांकावर वनविभागाला कळवा. आणि कंटाळा आला म्हणून स्लायडर पाषाण तलावात सोडू नका, तो तिथल्या देशी कासवांच्या मुळावर येतो.

दवाखान्यात आणताना पाण्याने भरलेली बादली नको. अशक्त कासव दुचाकीवरच्या हिंदकळ्यात बुडू शकतं. भोकं पाडलेल्या खोक्यात ओलसर टॉवेल घालून आणा, आणि हाताळून झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो.

आपली,
एक पशुवैद्य, कोथरूड, पुणे