श्रद्धांजलीच्या फलकावरील सवलतीच्या जाहिरातीबाबत तक्रार

मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग यांस,

6 फेब्रुवारीला, लतादीदींच्या स्मृतिदिनी, आपल्या कंपनीने शिरपुरात विक्रेत्याच्या दारावर लावलेल्या फलकाबद्दल ही लेखी तक्रार आहे, कारण फोनवर सांगून काहीही उपयोग झाला नाही. दीदींच्या चेहऱ्याएवढे आपले बोधचिन्ह, त्याखाली बारीक अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि सर्वांत ठळक लाल अक्षरांत साउंडबारवरची ‘फक्त आजच’ची सवलत, असा तो फलक आहे.

त्यावरचे छायाचित्र आमच्या थाळनेरच्या कार्यक्रमातले आहे. थाळनेर हे दीदींचे आजोळ. 2022 मध्ये त्या गेल्यापासून आम्ही रसिक वर्गणी काढून या दिवशी त्यांची गाणी म्हणतो आणि मंचावर कोणाचेही नाव लावत नाही. आपण ते छायाचित्र न विचारता उचलले आणि त्यावर किंमत छापली. चाहतेही भान सोडतात, अंत्यदर्शनाला मोबाइल उंचावतात, हे मला मान्य आहे. पण ते तिथे माल विकत नाहीत.

आपल्या प्रतिनिधीने मला विचारले, “सर, साउंडबारमध्ये प्रॉब्लेम काय आहे?” साउंडबार उत्तम चालतो, तक्रार श्रद्धांजलीची आहे, असे मी सांगितले. त्यावर उत्तर मिळाले, “सर, आमच्याकडे तसा पर्याय नाही, मी ‘ऑफर मिळाली नाही’ यात नोंद करून घेतो.” मी नको म्हणत असतानाच नोंद झाली आणि थोड्याच वेळात माझ्यासाठी सवलतीची मुदत वाढवल्याचा संदेश आला. दीदींच्या नावावर विक्री करू नका, असे सांगणाऱ्यालाच आपण त्यांच्या नावावरची सवलत पुन्हा देऊ केली, हा अपमान मी विसरणार नाही.

स्वतःचे नाव आणि चेहरा कोणी वापरावा यावरचे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिवंगत अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या प्रकरणात नोंदवले, हे आपल्या कायदा विभागाला ठाऊक असेलच. कायदा अडवत नाही, म्हणून तर विचारून घेण्याची जबाबदारी आपल्यावर येते. दीदी आता नकार देऊ शकत नाहीत. त्यांच्या कुटुंबीयांना आणि आम्हाला विचारता आले असते.

वडिलांच्या काळापासून आमच्या घरी आपलाच रेडिओ होता आणि दीदींचा आवाज आम्ही त्यावरच ऐकला, म्हणून हे अधिक लागले. फलक उतरवावा, आमचे छायाचित्र सर्व ठिकाणांहून काढावे आणि तसे लेखी कळवावे. आठ दिवसांत उत्तर न आल्यास फलकाच्या छायाचित्रासह ही तक्रार जाहिरात मानक परिषदेकडे जाईल आणि आपली कोणतीही वस्तू पुन्हा आमच्या घरात येणार नाही.

आपला ग्राहक,
थाळनेर, ता. शिरपूर, जि. धुळे