डबे नंतर, आधी दोरी ताणून घे

देवगड,
१४ जून

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज आला त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार उचलून उभं राहायचा व्यायाम, मारताना कंबरेत चमक भरली, चार दिवस अंथरुणावर काढलेस, आणि उठून जिममध्ये गेलास तर ट्रेनरने चार डब्यांची यादी हातात ठेवली: व्हे, बीसीएए, प्री-वर्कआउट आणि फॅट बर्नर. "घेऊ का? तू चार वर्षं वजनं उचलतोयस, तूच सांग," असं तू लिहिलंस. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तुझ्या कंबरेचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बाहेर मिरग धो धो लागलाय, बागेतली कामं आटोपलीत, वेळच वेळ आहे.

आधी एक विचारतो, खरं सांग. पायात मुंग्या येतात का? पाऊल बधिर पडतं का? कळ गुडघ्याच्या खाली उतरते का? यातलं काही असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे जा. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी जा. नुसती कंबर आखडली असेल तरच पुढे वाच.

तुझा व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. बारच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोच्या तीन-तीन प्लेटा, जुन्या लोखंडी, जेवणाच्या ताटाएवढ्या. माझ्या मते गडबड तिथूनच सुरू झाली. स्पर्धेतली प्लेट ४५ सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. तुझा बार त्याहून सात-आठ सेंटिमीटर तरी खाली होता. तेवढं खाली पोचायला तुझे खुबे पुरेसे मोडले नाहीत, मग उरलेलं अंतर पाठीने भरून काढलं. पाठीची कमान झाली आणि त्या कमानीवर बारसकट ८० किलो आले. तुझ्यात ताकद नव्हती म्हणून हे झालं नाही. प्लेटांखाली दोन जाड फळ्या घातल्या असत्यास तर कदाचित काहीच झालं नसतं. आमच्या शेडमध्ये मी जांभ्या दगडाचे दोन चिरे घातलेत, वर रबराचे तुकडे. मुंबईत चिरा मिळणार नाही, पण फळी मिळेल.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली, कारण ती तुला येत होती. आठवतंय, सातवी-आठवीत आपण मे महिन्यात रापणीवर, किनाऱ्यावरून मोठं जाळं दोरीने ओढायला, जायचो? म्हातारे रापणकर आपल्याला दोरीच्या शेवटाला उभं करायचे. आपण ढिली दोरी हिसडून ओढली की ओरडायचे. आधी दोरी ताणून घ्यायची, टाचा वाळूत रोवायच्या, अंग मागे टाकायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून पायांनी रेटायचं. हातांचं काम धरून ठेवण्यापुरतं. डेडलिफ्ट म्हणजे अगदी हेच आहे, बंड्या. बार आणि प्लेट यांच्यात थोडी ढील असते, तुझ्या हातांत असते, पाठीत असते. तू व्हिडिओत ढिला बार एकदम हिसडलायस. प्लेटांचा खण्ण आवाज येतो आणि त्याच क्षणी तुझी कंबर गोल होते. आवाज न करता आधी बार वर ओढून धरायचा, तो किंचित वाकल्यासारखा वाटतो, अंग वायरसारखं ताठ होतं, आणि त्यानंतर जमीन पायांनी खाली ढकलायची.

हे मला कोणी शिकवलं तेही सांगतो. आंब्याचा भरलेला क्रेट टेम्पोवर चढवताना मी वळलो आणि कंबर गेली, तीन आठवडे आडवा होतो, ते तुला ठाऊक आहे. पुढे एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी माझ्या हातात झाडूचा दांडा दिला. म्हणाल्या, हा पाठीवर उभा धरा. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडा टेकला पाहिजे. आता कुल्ले मागे नेत वाका, आणि तिन्हींपैकी एकही सुटू देऊ नका. मला पहिल्या दिवशी जमेना. गुडघे मोडायचे नाहीतर पाठ. मग त्यांनी भिंतीपासून एक वीत पुढे उभं केलं आणि कुल्ल्यांनी भिंत शोधायला सांगितली. रोज थोडं थोडं पुढे सरकायचं. आठवड्याभराने मांडीच्या मागच्या शिरांना ताण जाणवला आणि कंबर शांत राहिली. त्या दिवशी मला कळलं की आयुष्यभर मी कंबरेत वाकत होतो, खुब्यात वाकायला शिकलोच नव्हतो. तू पुढचे दोन आठवडे बारला हात लावू नकोस. सकाळ-संध्याकाळ दांडा आणि भिंत, एवढंच कर. दुखलं तर कमी वाक. पण अंथरुण धरून राहू नकोस, चाल.

परत बारकडे जाशील तेव्हा असं कर. बार पावलाच्या मध्यावर, बुटाच्या नाडीच्या गाठीवर दिसला पाहिजे. खाली वाकून बार धर, मग नडग्या पुढे आणून बारला टेकव. छाती थोडी पुढे काढ. काखेत कागद दाबून धरल्यासारखे हात अंगाशी आवळ, म्हणजे बार अंगाला चिकटून राहील. चिरेखाणीवरचे कामगार चिरा पोटाशी धरून चालतात ना, त्याचं कारण हेच. तेच वजन हातभर लांब गेलं की कंबरेवरचा भार कितीतरी वाढतो. मग श्वास. छाती फुगवायची नाही, पोट आणि दोन्ही कुशी फुगवायच्या, कोणी पोटात गुद्दा मारणार आहे असं समजून आवळायचं, आणि बार वर जाईपर्यंत तो श्वास धरायचा. तुला बीपी आहे का ते तू कधी सांगितलं नाहीस. असेल तर असा श्वास धरून जड उचलण्याआधी डॉक्टरांना विचार. वर पोचल्यावर मागे झुकू नकोस, सरळ उभा राहा. बार खाली नेतानाही आधी खुबे मागे.

स्क्वॉटबद्दल, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठकांबद्दल, फार लिहीत नाही, तो तुझा बरा आहे. गुडघे बोटांच्या पुढे गेले म्हणून घाबरू नकोस, टाचा उचलल्या जात नाहीत ना तेवढं बघ.

वजन वाढवायची घाई तुझी जुनी खोड आहे. १९४५ साली थॉमस डीलॉर्म नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या पायांत ताकद आणण्यासाठी जड वजनं वापरली आणि ती टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. आज जगभरच्या जिममध्ये जे चालतं त्याच्या मुळाशी तीच कल्पना आहे. ४० किलोपासून सुरू कर. पाच-पाच वेळा उचलायचे तीन सेट, मध्ये तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, फोन न बघता. सेट संपताना अजून दोनदा उचलता आलं असतं असं वाटलं पाहिजे. जमलं तर पुढच्या आठवड्याला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वाची प्लेट, म्हणजे अडीच किलो. वहीत लिही. माझ्या वहीची पानं दमट हवेने फुगलीत, पण चार वर्षांचा हिशोब त्यात आहे. पहिले सहा-आठ आठवडे जी ताकद वाढते ती बरीचशी मज्जातंतूंची असते. मेंदू आहे त्याच स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतो. त्या काळात डब्यातलं काही पोटात गेलं नाही तरी तुझं काही अडणार नाही.

आता डबे.

व्हे म्हणजे चीज करताना दूध नासलं की खाली राहतं ते पाणी, गाळून वाळवलेलं. ते औषध नाही आणि विषही नाही. प्रश्न एवढाच की तुझ्या ताटात प्रथिनं पुरेशी आहेत का. राष्ट्रीय पोषण संस्थेची (आयसीएमआर-एनआयएन) २०२० सालची शिफारस वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅमची आहे. वजनं उचलणाऱ्याला १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो. तू ७० किलोचा, म्हणजे दिवसाला साधारण ११२ ग्रॅम. तुझे सकाळचे पोहे, दुपारचा पोळी-भाजी-आमटीचा डबा आणि रात्रीचा भात धरून मी हिशोब केला, तर ५०-५५ च्या वर जात नाही. तीन अंडी म्हणजे १८. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात २० च्या आसपास. अर्धा लिटर दूध म्हणजे १६. कुळथात १०० ग्रॅमला २२, पण पिठी करताना माणशी किती पीठ पडतं ते बघ, म्हणून ती भरवशाची धरू नकोस. ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत २५. एवढ्याने तुझं भागतं. इथे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे सध्या आमचाही भर अंडी आणि सुक्या मासळीवरच आहे. वहिनी सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात, त्यात श्रावण येईल. त्या दिवसांत प्रथिनं कमी पडली तर एक स्कूप व्हे घे, त्यात २४-२५ ग्रॅम मिळतात. रोज दोन-दोन स्कूप कशाला? पोट फुगत असेल तर आयसोलेट, म्हणजे जास्त गाळलेलं व्हे, घे, त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) कमी असतं.

पण डबा घेताना डोळे उघडे ठेव. मी पहिला डबा तालुक्याच्या एका दुकानातून घेतला होता, भाव फारच कमी म्हणून. सील सैल, आयात करणाऱ्याचं नाव नाही. तीन दिवस पोट बिघडलं आणि डबा माडाच्या मुळाशी ओतला. मला आजही त्या पैशांचा राग येतो, कारण ते आंब्याच्या पेट्यांचे पैसे होते. प्रथिनं मोजायची नेहमीची पद्धत केल्डाल नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाची, १८८३ सालची. ती थेट प्रथिनं न मोजता नायट्रोजन मोजते. त्यामुळे पावडरीत स्वस्त अमिनो आम्लं मिसळली तरी आकडा फुगून दिसतो. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन मिसळलं गेलं ते याच फटीतून. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक बघ, तो त्यांच्या साइटवर तपासता येतो. आणि घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन असली स्वस्त अमिनो आम्लं वेगळी घातलेली दिसली तर डबा परत ठेव.

बीसीएए घेऊ नकोस. त्यातली ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही तिन्ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, अंड्यात, दुधात, माशात असतातच.

प्री-वर्कआउट म्हणजे व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायची पावडर. त्यात काम करणारी मुख्य गोष्ट म्हणजे कॅफिन. तू ऑफिसातून लोकलने येऊन रात्री ९ ला जिमला जातोस. कॅफिन निम्मं उतरायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे मध्यरात्र उलटून दोन वाजले तरी अर्धं अंगात. त्यावर तू सकाळी ६ ला उठणार. तुझी झोप आधीच कमी, ती आणखी कुरतडू नकोस. रविवारी सकाळी जातोस तेव्हा बिनसाखरेची कॉफी पी.

फॅट बर्नरच्या डब्याचा फोटो मोठा करून वाचला आणि थबकलो. त्यात गार्सिनिया कॅम्बोजिया आहे. आपल्या कोकमाचं ते भावंड, आणि त्यात जे हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं ते कोकमाच्या सालीतही असतं. वजन घटवायच्या नावाखाली त्याचा अर्क विकतात. अभ्यासांत वजनात फरक पडला तो नगण्य, आणि असा अर्क घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. हा डबा घरात आणू नकोस, ही माझी विनंती आहे. सोलकढी हवी तेवढी पी.

ट्रेनरच्या यादीत जे नाही तेच मी सुचवेन: क्रिएटिन मोनोहायड्रेट, साधं, बिनचवीचं. सगळ्या डब्यांत सर्वांत जास्त अभ्यास याच्यावर झालाय आणि हे स्वस्तही आहे. जोराच्या छोट्या हालचालीत स्नायूची ऊर्जा काही सेकंदांत संपते, ती परत भरायला क्रिएटिन मदत करतं, म्हणून सेटमध्ये एखाद-दुसऱ्या वेळी जास्त उचलता येतं. मासे-मटणातून थोडं मिळतंच. दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, कोणत्याही वेळी, पाण्यातून. सुरुवातीला २०-२० ग्रॅम घ्यायची गरज नाही, महिन्याभरात स्नायू तसेच भरतात. वजन एखादा किलो वाढेल, ते स्नायूतलं पाणी असतं. मात्र किडनीच्या तपासणीत बघतात ते रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, तेव्हा तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगायचं. काकांना किडनीचा त्रास होता, म्हणून तू आधी तुझी तपासणी करून घे. त्याशिवाय डबा उघडू नकोस. आणि तोही दांडा आणि भिंत जमल्यावर, दोन महिन्यांनी.

ट्रेनरशी भांडू नकोस. त्याला एवढंच सांग की प्लेटांखाली फळ्या हव्यात, आणि ४० किलोचा सेट बाजूने शूट करून दे. तो व्हिडिओ मला पाठव, उशीर झाला तरी मी त्याच रात्री बघीन.

गणपतीत येशील तेव्हा शेडमध्ये दोघं उचलू. खाऱ्या वाऱ्याने बारला गंज धरतो, दर आठवड्याला तेलाने पुसतो. सुक्या बांगड्यांची पुडी बांधून ठेवलीय, शेजारचा मुलगा परवा तुतारी एक्स्प्रेसने मुंबईला येतोय, त्याच्याकडे देतो. शिजवण्याआधी चांगले धुऊन घे, मीठ फार असतं.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बापू