आखातातल्या तेलावर दोस्तांचाच डोळा होता

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आखातात गेलेल्या गोमंतकीयांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख लक्षपूर्वक वाचला. बार्देश-सासष्टीच्या पलीकडे जाऊन आमच्या पेडणे तालुक्यातल्या घरांचीही त्यात दखल घेतली, याचा खरोखर आनंद झाला. पण दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी एकदिलाने अरब मुलुखाचं जर्मनीपासून रक्षण केलं आणि युद्ध संपल्यावर तिथे तेलाचा उद्योग आला, असं त्यात म्हटलं आहे, ते मात्र मला पटत नाही. मी आयुष्यभर मराठी शाळेत इतिहास शिकवला. शिवाय माझे वडील युद्धाच्या सगळ्या वर्षांत बहारीनच्या रिफायनरीत स्टोअरमध्ये कारकून होते. उद्योग तिथे आधीपासून होता, म्हणूनच ते तिथे होते.

त्यांचा नोकरीचा करारनामा माझ्यापाशी आहे. माथ्यावर कंपनीचं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात ती कॅनडात नोंदलेली असल्याचा उल्लेख. पगार रुपयांत. वरचे साहेब अमेरिकन. बेट अरब शेखांचं, पण शेखांशी कंपनीला काही बोलायचं तर इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटामार्फत, म्हणजे तिथे नेमलेल्या सरकारी प्रतिनिधीमार्फत. आणि खाली सही करणारा धारगळचा, पोर्तुगीज पासपोर्टावर मुंबईहून बसऱ्याच्या बोटीत बसलेला. लहानपणी मी वडिलांना विचारायची, की यात कॅनडा कुठून आला? ते म्हणायचे, ‘इंग्रजाला अमेरिकन नको होता, म्हणून.’

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की त्यांचं उत्तर अगदी बरोबर होतं. आखातातल्या शेखांशी इंग्रजांनी असे करार करून ठेवले होते, की त्यांच्या संमतीवाचून कोणा परक्याला तेलाचा मक्ता मिळू नये. कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल या अमेरिकन कंपनीला बहारीन हवं होतं. तडजोड अशी निघाली, की कंपनी साम्राज्यातल्या कॅनडात नोंदवायची, म्हणजे कागदोपत्री ती ब्रिटिश. १९३२ मध्ये तिथे तेल लागलं, १९३६ मध्ये रिफायनरी सुरू झाली. इंग्रजांच्या दारात पैसा अमेरिकेचा आणि पाटी कॅनडाची, अशी ही व्यवस्था युद्धाच्या आधीचीच.

त्याच्याही मागे जायला हवं. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग बावीस लाख पौंडांना विकत घेतले, कारण आरमाराची जहाजं कोळशावरून तेलावर आणायची होती. युद्ध पेटताच हिंदुस्थानातून जी फौज बसऱ्याला उतरली, तिचं एक काम याच कंपनीची इराणातल्या आबादानची रिफायनरी सांभाळणं हे होतं. त्या मोहिमेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यांत तेरेखोल नदीच्या पलीकडची, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांची मुलं होती. एप्रिल १९१६ मध्ये इराकातल्या कूतला तुर्कांच्या वेढ्यात उपाशी राहून जी फौज शरण गेली, तिच्यात त्यांच्यापैकी अनेकजण होते. उत्तर इराकातलं मोसूल फ्रान्सच्या प्रभावाखाली राहील असं साइक्स-पिको करारात, म्हणजे इंग्रज-फ्रेंचांनी युद्धातच गुपचूप केलेल्या वाटणीत, लिहिलं होतं. ३० ऑक्टोबर १९१८ ला तुर्कांशी युद्धबंदी झाली आणि त्यानंतर इंग्रज फौजेने पुढे जाऊन मोसूल घेतलं. फ्रान्सची समजूत १९२० मध्ये इटलीतल्या सान रेमोच्या परिषदेत घातली गेली, ती तिथल्या तेल कंपनीतला (हीच पुढे इराक पेट्रोलियम कंपनी झाली) जर्मनांचा चौथा हिस्सा देऊन. ही दोन मित्र राष्ट्रं होती, शेजारी शेजारी खंदकांत लढलेली.

दुसऱ्या युद्धात तेच झालं, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं. १९४० मध्ये फ्रान्स पडला, तेव्हा इराक पेट्रोलियम कंपनीतला फ्रेंचांचा हिस्सा इंग्रजांनी शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतला. त्याच कंपनीत पाच टक्के असलेला गुलबेंकियन हा तेलव्यापारी जर्मनीपुढे नमलेल्या फ्रेंचांच्या विशी सरकारजवळ राहिला म्हणून त्याचाही हिस्सा गोठवला. हा गृहस्थ नंतर लिस्बनला येऊन राहिला आणि १९५५ मध्ये तिथेच वारला. ज्या लिस्बनहून आमच्यावर राज्य चालत होतं, त्याच शहरातल्या हॉटेलात बसून तो आपल्या पाच टक्क्यांसाठी भांडत होता.

सौदी अरेबियाची कथा तर जास्तच बोलकी आहे. १९३३ मध्ये तिथला राजा इब्न सौद याने मक्ता कॅलिफोर्नियाच्या त्याच अमेरिकन कंपनीला दिला, कारण तिने सोन्याची नाणी रोख मोजली आणि इंग्रजांच्या बाजूने त्याहून फारच कमी देऊ केलं होतं. १९३८ मध्ये दम्मामच्या सातव्या विहिरीला भरपूर तेल लागलं. मग युद्ध आलं, हजचे यात्रेकरू घटले आणि राजाची तिजोरी रिकामी झाली. १९४१ मध्ये कंपनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे मदत मागायला गेली, तर त्यांनी निरोप दिला, की सौदीच्या राजाची काळजी इंग्रजांनी घ्यावी, आम्हाला ते जरा लांब पडतं. इंग्रजांनी पैसा आणि धान्य पुरवलं. अमेरिकन कंपनीची झोप उडाली ती त्यानंतर. आज जो राजाचं घर चालवतो, तो उद्या मक्ता मागेल ही तिची भीती होती. १८ फेब्रुवारी १९४३ ला त्याच रूझवेल्टनी जाहीर केलं, की सौदी अरेबियाचं संरक्षण अमेरिकेच्या संरक्षणासाठी अत्यावश्यक आहे. दोन वर्षांपूर्वी जे लांब पडत होतं, ते आता जवळचं झालं. कोणतं जर्मन सैन्य रियाधच्या वाटेवर होतं? कोणतंच नव्हतं. तेव्हा जर्मन स्टालिनग्राडला शरण गेले होते आणि उत्तर आफ्रिकेत बरेच मागे रेटले गेले होते.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, रूझवेल्टनी ब्रिटिश राजदूत हॅलिफॅक्स यांच्यापुढे नकाशा मांडला. इराणचं तेल तुमचं, इराक आणि कुवेतचं वाटून घेऊ, सौदीचं आमचं, अशी सरळ वाटणी त्यांनी सांगितली. त्यानंतर ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल आणि रूझवेल्ट यांच्यात तारा गेल्या. तुमच्या इराक-इराणच्या तेलावर आमचा डोळा नाही, असं रूझवेल्टनी कळवलं; सौदीतल्या तुमच्या हक्कांत घुसायचा आमचा विचार नाही, असं चर्चिलनी उलट कळवलं. तेव्हा नॉर्मंडीत सैन्य उतरायला अजून तीन महिने होते. ज्या माणसांच्या जमिनीखालचं तेल, ती त्या वाटणीत कुठेच नव्हती.

तेलापुरतंच हे नव्हतं. कैरोला दोघांचं मिळून एक पुरवठा केंद्र होतं. अरब देशांत कोणता माल किती यायचा, हे तिथून ठरायचं. जहाजांत जागा कमी, त्यामुळे तशी व्यवस्था गरजेचीच होती. पण अमेरिकन व्यापाऱ्यांची तक्रार अशी, की त्या आडून इंग्रज आपली बाजारपेठ राखतात आणि डॉलर खर्चू देत नाहीत. सिरिया-लेबनॉनमध्ये इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात तर इतकं विकोपाला गेलं, की मे १९४५ मध्ये, जर्मनी शरण आल्यावर तीन आठवड्यांत, फ्रेंचांनी दमास्कसवर तोफा डागल्या आणि चर्चिलनी आपली फौज मध्ये घातली.

अरब राजे हे सगळं मुकाट्याने बघत होते, असंही मी म्हणणार नाही. इब्न सौद पक्का माणूस होता. १४ फेब्रुवारी १९४५ ला तो सुएझच्या खारट सरोवरात रूझवेल्टना अमेरिकन युद्धनौकेवर भेटला, आणि तीन दिवसांनी फायूमला चर्चिलना. रूझवेल्टनी त्याला विमान दिलं, चर्चिलनी मागाहून मोटार पाठवली. दोघांकडून मदत घेत त्याने दोघांनाही आशेवर ठेवलं. सामान्य अरबाच्या वाट्याला त्यातून काय आलं, हा प्रश्न वेगळा आणि जास्त महत्त्वाचा.

आणि आमच्या माणसांच्या वाट्याला? १९ ऑक्टोबर १९४० च्या पहाटे इटालियन विमानांनी बहारीनच्या रिफायनरीवर बाँब टाकले. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, तरी कारखाना अमेरिकन मालकीचा. पोर्तुगाल तटस्थ होता, तरी खाली माझे वडील. नुकसान फार झालं नाही. कंपनीच्या अवालीच्या वसाहतीत गोऱ्या कुटुंबांना थंड हवेची घरं होती. वडिलांसारखे कारकून बाहेर बराकीत, उन्हाळ्यात ओल्या चादरी पांघरून झोपायचे. घरी पाठवलेली त्यांची पत्रं सेन्सॉरने कडेने कापून पट्टी चिकटवलेली असत. एका पत्रात कुठलंसं जहाज आलं ते वाक्य काळ्या शाईने खोडलेलं आहे आणि पुढचं, ‘आईच्या औषधाचे पैसे मुंबईला मामांकडे धाडले आहेत’, हे तेवढं शिल्लक आहे. इकडे ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झालेला. त्या पैशांवर आमच्या घरात पेज शिजली.

म्हणून लेखातल्या त्या वाक्याचा मला त्रास झाला. त्या नोकऱ्या का निर्माण झाल्या, पगार रुपयांत का, कंपनी कॅनडाची का, साहेब अमेरिकन का, याचं उत्तर या चुरशीत आहे. ते वगळून आखाताचा इतिहास लिहिला, की आपले लोक नशीब काढायला गेले एवढीच गोष्ट उरते. ते नशीब कोणी आणि कशासाठी मांडलं होतं, हे पोरांना कळत नाही.

आपण ती दुरुस्ती छापावी ही विनंती. दुसरी विनंती अशी, की गोव्यातल्या वाचकांनी घरातले आखाताचे करारनामे, बोटीची तिकिटं, सेन्सॉरची पत्रं रद्दीत घालू नयेत, आणि पणजीच्या पुराभिलेख खात्याने त्यांच्या प्रती काढून घ्यायची सोय करावी असं आपण अग्रलेखातून सुचवावं. वडिलांचे कागद द्यायला मी तयार आहे. मूळ प्रत परत मिळावी एवढंच माझं म्हणणं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
धारगळ, पेडणे