मोजपट्टी लिलावातही लावा

लहान मासे पकडण्यावरील निर्बंधांचे वृत्त वाचले. नियम हवेतच. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने पापलेटला ‘राज्य मासा’ घोषित केले, 54 जातींसाठी किमान आकारही ठरवला. पण अंमलबजावणीचे काय? मी हौसेने गळ टाकतो. गळाला लहान मासा लागला, तर ओल्या हाताने आकडा काढून तो जिवंत सोडता येतो. बोटीमागून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याच्या टोकाला चेंगरलेले पिल्लू वर येईपर्यंत बहुधा मेलेलेच असते. तरीही हटकले जाते ते खडकावरच्या गळवाल्याला. बंदरावर मात्र बोटभर पापलेटांच्या टोपल्या पहाटे उघड लिलावात निघतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तपासणी तिथेच, लिलावापूर्वी व्हावी. नियम बदलले की ते मराठीत, चित्रांसह जेटीवर लावावेत.

– एक गळकरी वाचक